गेरूचे पाच दिवस

मोताळ्याच्या जिनिंगवर कापसाची ट्रॉली आली की चंद्रशेखर आधी कापसाकडं पाहायचा नाही, शेतकऱ्याच्या तोंडाकडं पाहायचा. तोंड जरा जास्त हसरं दिसलं की त्याची खात्रीच व्हायची, खाली ओला माल दाबलेला आहे. मग हा गडी बाही काखेपर्यंत गुंडाळायचा, ट्रॉलीवर चढायचा आणि खांद्यापर्यंत हात खुपसून तळातली मूठ वर काढायचा. ओलावा मोजायचं मशीन मालकानं आणून दिलं होतं, पण ह्याचा मशीनवरही भरवसा नव्हता. दहा ट्रॉल्यांत एखादी लबाडी सापडायची. बाकीच्या नऊ चोख निघाल्या हे मात्र संध्याकाळपर्यंत तो विसरलेला असायचा. अकरा वर्षं ग्रेडर म्हणून त्यानं हेच केलं, आणि घरी आला तरी तो ग्रेडरच राहायचा.

त्याची बायको मंजुश्री धाड गावची. लग्नाला चार वर्षं झालेली. घरी ब्लाऊज शिवायची आणि दर मंगळवारी एसटीनं राजूर घाट चढून बुलडाण्याला पुढचं शिवणकाम शिकायला जायची. बोलकी बाई, हसऱ्या तोंडाची. आणि हसऱ्या तोंडाबद्दल आपल्या ग्रेडरचं मत काय ते मी आत्ताच सांगितलं.

आता त्याच्या नागिणीचं सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरून झालं. नागीण म्हणजे अंगावर उठतात ते पाण्याचे दाणे, आग आग करणारे. बारा वर्षांपूर्वी चंद्रशेखर सहा महिने सुरतेच्या मिलमध्ये होता. तिथून तापानं फणफणत परत आला तेव्हा त्याच्या डाव्या जांघेत, अगदी सांगायची लाज वाटावी अशा जागी, दाणे उठलेले होते. दोन आठवडे त्याला धड चालता येईना. त्याची माय जनकाबाई त्याला शेजारच्या गावी रंगरावकडं घेऊन गेली. पंचक्रोशीतल्या नागिणी रंगरावच उतरवायचा. त्यानं विचारलं, "उजवी का डावी?" पोरगं म्हणालं, डावी. एवढ्यावर निदान झालं. रंगरावनं सहाणेवर गेरू उगाळला, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला आणि वाटी पोराच्या हातात देऊन म्हणाला, "त्या कोपऱ्यात जाय अन् तूच लाव." जागा तशी असल्यामुळं रंगरावनं पाहिलं नाही, मायनंही पाहिलं नाही, आणि डॉक्टरला दाखवायचा तर विषयच नव्हता.

तेव्हापासून हंगाम ऐन भरात आला, जागरणं वाढली, की साल-दीड सालात एकदा ती नागीण त्याच जागी डोकं वर काढायची. मग गेरूचे पाच दिवस. आंबट बंद, आंघोळ बंद आणि बाईची सावली बंद. नागीण अंगावर असताना बायकोची सावली पडली तर ती पसरते, असा रंगरावचा नियम होता आणि जनकाबाई तो पोलिसासारखी पाळायची. चंद्रशेखरचं अंथरूण ओसरीत पडायचं. मंजुश्रीनं गेरू उगाळून वाटी उंबऱ्याशी ठेवायची आणि मागे सरायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी गेरू वाळून गळून पडायचा, नागीण गेलेली असायची, आणि जनकाबाई रंगरावच्या नावानं हात जोडायची.

यंदा संक्रांतीला जनकाबाई लेकीकडं, पुष्पांजलीकडं, जळगाव जामोदला गेली होती. त्याच दिवसांत चंद्रशेखरला जांघेत चुणचुण सुरू झाली. न्हाणीत वाकून पाहिलं तर दोन दाणे. दोनच. रंगरावकडं जायचं म्हणजे सुट्टी मागा, मग पाच दिवस ओसरीत थंडीत कुडकुडा. इकडं घरात माय नाही, बायकोनं संक्रांतीची नवी काळी साडी चापूनचोपून नेसलेली. त्यानं विचार केला, दोन दाण्यांची काय नागीण असते.

मंजुश्रीनं त्याला खाजवताना पाहिलं. म्हणाली, "नागीण तर नाही ना उठली? गेरू भिजवू काय?"

"नाही वं. पँटची शिवण घासते."

ती पडली शिवणकामवाली. तिला ते पटलं. तिनं त्याच्या पँटी उसवून आतली शिवण पुन्हा मऊ घालून दिली. ओसरीत अंथरूण काही पडलं नाही.

आठ-नऊ दिवसांनी मंजुश्रीला ताप भरला. जांघेत गाठी आल्या, लघवीला आग व्हायला लागली आणि नको त्या जागी फोडच फोड उठले. पहिले चार दिवस तिनं कोणाला सांगितलं नाही. हळद लावून पाहिली, खोबरेल लावून पाहिलं. पाय फाकवून चालायची आणि परत आलेल्या सासूनं विचारलं तर पाय मुरगळला म्हणायची. मंगळवारी बुलडाण्याला गेली तेव्हा क्लासच्या आधी एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन आली.

चंद्रशेखरला ते कळलं कसं, तर त्यानं तिची पर्स पाहिली. पर्समध्ये कधीकधी हात घालून तळ तपासायची त्याला सवयच होती. चिठ्ठीवर गोळ्यांचं नाव होतं, दिवसातून किती वेळा ते होतं, आणि खाली लिहिलं होतं, पतीला सोबत आणणे. त्याला गोळीचं नाव काही कळलं नाही. मोताळ्यात विचारलं तर बोभाटा होईल, म्हणून तो मोटरसायकल काढून थेट मलकापूरला गेला आणि एका अनोळखी मेडिकलवाल्यासमोर चिठ्ठी धरली.

मेडिकलवाल्यानं चष्म्यावरून चिठ्ठीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "हे ह्या जागेवरच्या फोडांसाठी देतात," तो आवाज खाली आणून म्हणाला. "बाहेरच्या संबंधातून येतं हे. कोणाचं आहे?"

"दोस्ताच्या बायकोचं."

"मंग दोस्ताले म्हणा, सांभाळून राहा."

झालं. त्या दुकानदाराला अर्धं ठाऊक होतं आणि चंद्रशेखरला त्या अर्ध्यातलं अर्धं ऐकू आलं. आपल्याला काही झालेलं नाही, आपण सुरतेनंतर कुठं गेलो नाही, म्हणजे माल खालून ओला आहे. परतताना त्याच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. दर मंगळवारी क्लास, तो क्लास चालवणारा गजेंद्र सर, त्याचं नाव घेताना हिचं हसणं, फोनवर 'हो सर, आणते सर'. चार दिवस दुखणं लपवलं, पाय मुरगळल्याचं खोटं बोलली. 'खोटं बोलणाराच चोर असतो,' तो स्वतःशी म्हणाला, आणि असं म्हणताना पँटच्या शिवणीची त्याला अजिबात आठवण झाली नाही.

पुढच्या मंगळवारी त्यानं जिनिंगवर ताप आल्याचं कळवलं आणि एसटीच्या मागं मोटरसायकल लावली. राजूर घाटात बस पुढं आणि हा धूर खात मागं. बुलडाण्यात क्लासच्या समोर एक रसवंती होती. उसाच्या मोळीआड तो असा उभा राहिला की आपण सगळ्यांना पाहावं आणि आपल्याला कोणी पाहू नये. रसवंतीवाला सारखा तोंडाकडं पाहायला लागला म्हणून त्याला दर पाऊण तासाला एक गिलास रस घ्यावा लागला.

गजेंद्र सर दारात आला. टक्कल पडलेला, साठीला टेकलेला माणूस, गळ्यात मापाची टेप. मागून त्याची बायकोही आली, तीही तिथंच शिकवायची. दुसऱ्या कोणाचा संशय तिथंच विझला असता. चंद्रशेखर म्हणाला, असेच असतात हे, साधे दिसणारे. सुटल्यावर त्या सरनं मंजुश्रीच्या हातात एक जाड पाकीट दिलं आणि तिनं ते पिशवीत घातलं. मग ती तशीच थबकत, पाय जपत बसस्टँडकडं गेली. घरी आल्यावर ती न्हाणीत गेली तेवढ्यात त्यानं पाकीट फोडलं. आत वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे, ब्लाऊजच्या मापाचे. त्यानं एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला, कुठं काही लिहिलंय का.

न्हाणीतून आलेली मंजुश्री दारात उभी राहून हे पाहत होती. "काय पाहून राह्यले?"

"कोण आहे तो?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"ज्याच्यापासून हा रोग आणला तो. मले सगळं समजलं आहे. मलकापूरले जाऊन विचारून आलो."

तिनं त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला. मग म्हणाली, "मलकापूरले गेले, पण माह्यासोबत बुलडाण्याले नाही येत. डॉक्टरीणबाईनं तुमाले बोलावलं आहे. आठ दिवसांपासून सांगू का नोको करून राह्यली मी. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं की हिंमतच होत नाही."

"मले काऊन बोलावलं? मले काय झालं?"

जनकाबाई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिला रोग कुठला ते कळलं नाही, पण सुनेनं काहीतरी आणलं एवढं कळलं, आणि तिनं कपाळाला हात लावला. चंद्रशेखरनं मायच्या देखतच धाडला सासऱ्याला फोन लावला. "मामाजी, येत्या रविवारी गाडी घेऊन या अन् तुमच्या पोरीले घेऊन जा. काऊन ते आल्यावर सांगतो. चार लोकांत बोलायसारखं नाही." पलीकडं नारायणराव काय म्हणाले ते त्यानं ऐकूनच घेतलं नाही. तिचे त्या घरातले चार वर्षांचे दिवस त्यानं अर्ध्या मिनिटात संपवले.

मंजुश्री रडली, पण थोडंच. डोळे पुसून तिनं कपाटावरची बॅग खाली काढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि खाटेवर ठेवली. "जाईन मी," ती म्हणाली. "पण त्याच्या आधी तुमी एकदा दवाखान्यात यायचं. अन् तिथं जे निघन, ते बाबाच्या समोर तुमच्या तोंडानं सांगायचं. जसंच्या तसं. कबूल?"

चंद्रशेखरला ते बरंच वाटलं. डॉक्टरच्या तोंडून एकदा निघालं की सासऱ्यासमोर बोलायची पंचाईत नाही. "कबूल," तो म्हणाला.

शनिवारी ते दोघं बुलडाण्याला गेले. एका मोटरसायकलवर, मधे पिशवी ठेवून. त्या डॉक्टरीणबाई, डॉ. सुचिता, साधारण पंचेचाळीशीच्या, कपाळावर चष्मा ठेवून बोलणाऱ्या. त्यांनी मंजुश्रीला तपासलं, फोड सुकायला लागलेत म्हणाल्या. मग दार लावून घेतलं आणि चंद्रशेखरला समोर बसवलं.

"तुमच्या पत्नीला हर्पीस झालंय," त्या म्हणाल्या. "विषाणूचा आजार आहे. जवळच्या संबंधातून, कातडीला कातडी लागून पसरतो. भांड्यांनी, कपड्यांनी, संडासानं नाही. तिला पहिल्यांदाच झालाय, म्हणून एवढा जोरात. आता तुम्ही सांगा, तुम्हाला त्या जागी कधी फोड, जखम, चुणचुण?"

"नाही," चंद्रशेखर म्हणाला. त्यात त्याला खोटं असं काही वाटलं नाही. "मले असले धंदेच नाहीत. तुमी फक्त मले एवढं सांगा, हिनं हे कवा आणलं? किती दिवस झाले?"

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "कधी आणि कोणाकडून, ते फोडांकडं पाहून कोणालाच सांगता येत नाही. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं असतो आणि पुष्कळांना ठाऊकही नसतं. एखाद्याला दहा वर्षांपूर्वी लागलेला असतो आणि बायकोला आज होतो. त्यामुळं घरात एकाला झालं म्हणून त्यानं काल-परवा काही केलंच, असं धरू नका. दोघांपैकी कोणीच."

"तरी मले काहीच नाही ना," तो हट्टानं म्हणाला. "अंग चोख आहे माह्यं. वर्षातून एकदा नागीण उठते, तेवढी सोडली तर दवाखान्याची पायरी नाही चढलो मी."

डॉक्टरांचा पेन थांबला. "वर्षातून एकदा नागीण?"

"हाव. हंगामात. जागरण झालं की."

"कुठं उठते?"

चंद्रशेखरनं बायकोकडं पाहिलं, मग टेबलाकडं. "जांघेत. डाव्या."

"दर वेळी तिथंच? पाण्याचे दाणे, आधी चुणचुण, पाच-सहा दिवसांत जातात? पहिल्यांदा उठली तेव्हा ताप, गाठी, चालता येत नव्हतं?"

हे तुमाले कसं ठाऊक, असं तो विचारणार होता. ट्रॉलीच्या तळाशी हात गेला आणि बोटांना गार ओल लागली की त्याचा जसा चेहरा व्हायचा, तसा आत्ता झाला. "हाव," तो म्हणाला. "पण ते तर रंगराव गेरूनं..."

"रंगरावांनी पाहिलं होतं ते?"

"नाही जी. जागा तशी होती. मीच लावत जाऊ."

"म्हणजे इतक्या वर्षांत कोणीच पाहिलं नाही." डॉक्टर रागावल्या नाहीत, पण त्यांनी आवाजही मऊ केला नाही. "नागीण वेगळी असते, बाबा. तिचा विषाणू वेगळा. ती पाठीवरून, छातीवरून एका अंगानं पट्ट्यासारखी जाते आणि बहुतेकांना जन्मात एकदाच होते. जागरण झालं की दर साली त्याच जागी उठतं, ते हे. पहिल्या वेळेनंतर तो विषाणू कमरेजवळच्या नसांत जाऊन बसतो आणि तिथंच मुक्काम करतो. अंग थकलं की वर येतो. गेरू लावला तरी जातो, नाही लावला तरी जातो. पुढच्या वेळी दाणे उठतील तेव्हा पहिल्याच दिवशी इथं या, त्यातलं पाणी तपासायला पाठवू, म्हणजे पक्कं होईल. पण खरं सांगू, तुमचं ऐकल्यावर मला दुसरा माणूस शोधायची गरज वाटत नाही."

मंजुश्री इतका वेळ खाली मान घालून बसली होती. आता तिनं विचारलं, "डॉक्टरबाई, मंग मले चार वर्षं काऊन नाही झालं?"

"दाणे असताना हे तुमच्या जवळ येत होते का?"

"नाही. आत्याबाई येऊच देत नव्हत्या. पाच दिवस सावलीबी पडू देत नव्हत्या माही."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "मग तुमच्या सासूबाईंनीच तुम्हाला वाचवलं म्हणायचं. त्यांचं कारण चुकीचं होतं, पण लांब ठेवलं ते बरोबर केलं. दाणे असतात तेव्हाच हा सगळ्यात जास्त पसरतो. बाकी दिवसांतही पसरू शकतो, दाणे नसताना, म्हणून थोडं नशीबही होतं तुमचं." मग त्यांनी सहज विचारलं, "आणि यंदा?"

"यंदा तर उठलीच नाही," मंजुश्री म्हणाली आणि नवऱ्याकडं वळली. "हाव ना?"

आता इथं त्याला खोटं बोलता आलं असतं. कोणी हात घालून पाहणार नव्हतं. त्याच्या मनात ते येऊनही गेलं, मी उगाच त्याला साधू ठरवत नाही. पण समोर मंजुश्री होती, पंधरा दिवसांच्या दुखण्यानं गाल बसलेली, आणि तिच्या डोळ्यांत संशय नव्हता. ती खरंच विचारत होती.

"दोन होते," तो म्हणाला. "संक्रांतीले. दोनच."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "शिवण घासते म्हणाले होते तुमी."

तो पँटच्या शिवणीवरून बोट फिरवू लागला.

"मी तीन पँटी उसवल्या," ती म्हणाली, आणि तेव्हा मात्र ती रडली. दवाखाना आहे, डॉक्टर समोर आहेत, काही पाहिलं नाही तिनं. चंद्रशेखरला जन्मात कधी एवढी लाज वाटली नव्हती, आणि कुठं पाहावं हे त्याला कळेना.

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. मग दोघांनाही सांगितलं ते असं की हा आजार मुळातून जात नाही, पण आवरता येतो. चुणचुण सुरू झाली की त्याच दिवसापासून खपली पडून कातडी कोरी होईपर्यंत लांब राहायचं, दोन दाणे असोत की वीस. एरवीही निरोध वापरायचा. त्यानं धोका कमी होतो, अगदी जात नाही, कारण तो सगळी जागा झाकत नाही. सारखं उठत असलं तर रोजची गोळीही असते. दाण्यांना हात लागला तर साबणानं धुवायचा, तो हात डोळ्याला लावायचा नाही. मूल होईल तेव्हा बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधी सांगायचं, लपवायचं नाही, बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. बाकीच्या तपासण्यांसाठी दोघांचंही रक्त घेतलं. "आणि एकमेकांना सांगत जा," त्या शेवटी म्हणाल्या. "माझ्या सगळ्या गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे."

घाट उतरताना मंजुश्रीनं मागून एकच प्रश्न विचारला. "सुरतेले होतं कोणी?"

"एकदाच गेलो होतो, एका बाईकडं," तो म्हणाला. वाऱ्यात ऐकू गेलं की नाही ते त्याला कळलं नाही.

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला नारायणराव गाडी घेऊन आले. एकटेच. पांढरं धोतर, हातात टोपी, पाच रात्री झोप नसलेला माणूस. ओसरीत खाटेवर बसले. जनकाबाईनं पाणी दिलं पण चहाचं नाव काढलं नाही. बसल्या बसल्या म्हातारीनंच तोंड उघडलं. "पाहा आता, तुमच्या पोरीनं काय दिवे लावले ते."

"माय, तू थांब," चंद्रशेखर म्हणाला.

तो उभाच होता. रात्रभर त्यानं वाक्यं जुळवली होती. हवापाणी, उष्णता, नशीब, अशी कितीतरी. मंजुश्री दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं त्याला आठवण करून दिली नाही, नुसती पाहत होती.

"मामाजी," तो म्हणाला, "हिच्यावर वहीम घेऊन मी फोन केला, तो वहीम खोटा होता. रोग आहे, पण तो माह्यापासून हिले झाला. बारा वर्षांपासून माह्याच अंगात होता. मी त्याले नागीण म्हणत होतो. यंदा उठली तवा हिनं विचारलं, मी नाही म्हणालो. हिची काही चूक नाही."

नारायणरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ते जावयाकडं पाहत राहिले. मारतात की काय असं त्याला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. जनकाबाई मात्र उसळली. "काय बोलून राह्यला बे तू? नागीण होती ती. रंगरावनं सांगतलं होतं. मी काय आंधळी आहो?"

"तू पाह्यलं होतं काय माय? रंगरावनं पाह्यलं होतं काय?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला आणि सुनेकडं पाहिलं. मंजुश्री तिच्याजवळ गेली, खाली बसली. "आत्याबाई, तुमी मले ओसरीत येऊ नाही दिलं तेच बरं केलं. डॉक्टरबाईबी हेच म्हणाल्या." एवढं सांगून ती आत गेली आणि बॅग घेऊन बाहेर आली.

चंद्रशेखरला हे अपेक्षित नव्हतं. त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की झालं. "मी खरं सांगतलं ना," तो म्हणाला. "आता काऊन?"

"तुमीच बोलावलं बाबाले." तिनं बॅग खाली ठेवली. "रोगाचं मले एवढं नाही. तुमालेबी ठाऊक नव्हता. पण दोन दाणे ठाऊक होते, अन् वरून माह्यी पर्स पाह्यली, कागद उजेडात धरून पाह्यले. मले थोडे दिवस माह्या घरी राहू द्या."

तिनं पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढून त्याच्या हातात दिली. "डॉक्टरबाईनं तुमच्यासाठी लिहून दिल्या आहेत. चुणचुण झाली की पहिल्याच दिवशी सुरू करा अन् दवाखान्यात जा. गेरूची सहाण मी धुवून पालथी ठेवली आहे." नारायणरावांनी बॅग उचलली. गाडीचं दार उघडलं गेलं.

तो गाडीपर्यंत मागं गेला. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. "परत येशीन ना?"

"पाहू."

"मंगळवारी क्लासले तर येशीन?"

"येईन. धाडहून तर बुलडाणं जवळच आहे." ती गाडीत बसली आणि काच खाली केली. "तुमाले यायचं असन तर या. पण त्या दिवशीसारखे रसवंतीच्या मागं उभे नोका राहू. तीन गिलास रस पेले तुमी, मी खिडकीतून मोजत होती. समोरून या."

गाडी वळून धाडच्या रस्त्याला लागली. चंद्रशेखर गोळ्यांची पट्टी हातात धरून फाटकात उभा राहिला. मंगळवारला अजून दोन दिवस होते, आणि ती येईल की नाही हे तपासून पाहायचा कोणताच मार्ग त्याच्याकडं नव्हता.